कुपाटीवरचं लाल लुगडं

आमच्या गावात गुपित बोलायची एकच जागा आहे, आणि तिथं सगळं गाव बसलेलं असतं.

ही जागा म्हणजे हापशीजवळचा चिंचेखालचा ओटा. मोबाइलला रेंज फक्त तिथंच येते. ओट्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की दोन काड्या दिसतात, आणि फोन धरलेला हात डोक्याच्या वर नेला की तीन. आता हात वर नेल्यावर फोन कानाला लागत नाही. म्हणून फोनमधला माणूस मोठ्यानं बोलेल असं बटण दाबावं लागतं, आणि आपणही मान वर करून ओरडावं लागतं. चंद्रपूरला असलेल्या माझ्या मुलानं मला फोन घेऊन दिला तेव्हा सांगितलं होतं, "बाबा, आता काही घरचं बोलायचं असलं तं आरामात बोलत जा." त्याच्या बायकोच्या माहेरची भानगड, त्याची मूळव्याध, सगळं मी त्या ओट्यावर हात वर करून ऐकलं. खाली बसलेल्यांनी मधेमधे सल्लाही दिला.

गॅसच्या सिलिंडरचा गुप्त नंबर फोनवर येतो. तो कोणालाही सांगू नका, असं त्याच्या खालीच लिहिलेलं असतं म्हणे. मला बारीक अक्षर वाचता येत नाही. मी फोन ओट्यावर देतो, कोणीतरी वाचतो. पहिल्यांदा नंबर आणि मग "हा कोनाले सांगाचा नाई" हे वाक्य, दोन्ही एकाच आवाजात. मग पलीकडचे बहिरे आजोबा विचारतात, "किती?" मग पुन्हा.

हे सगळं मी आधी सांगतो, कारण नंतर लोक मला म्हणाले, की घरी फोन असताना कपड्यांवर कारभार कशाला चालवला. तर एवढ्यासाठी. फोनवरची गोष्ट ऐकायला ओट्यावर यायचं असतं. कुपाटीवर, म्हणजे परसाच्या कुंपणावर, वाळत घातलेलं लुगडं सगळ्यांना दिसतं, पण कोणालाच कळत नाही. निदान मी तसं समजत होतो.

मी दुसरीपर्यंत शिकलो. अक्षर ओळखतो, जोडाक्षर आलं की थांबतो. पण माझी नजर ही गावात वेगळीच चीज होती. उन्हाळ्यात जंगलात वणवा लागतो, तेव्हा पहारा द्यायला रोजंदारीवर माणूस लावत. बरीच वर्षं तो माणूस मीच होतो. डोंगरावर बसून धूर पाहायचा. हा धूर कोणी तेंदूपत्त्यासाठी पेटवलेल्या झुडपाचा आहे, की मोहाखालच्या पाल्याचा, की आग खरंच सुटलेली आहे, हे मी रंगावरून सांगायचो. साहेब दुर्बीण लावून बघायचे आणि मग म्हणायचे, "हो, बरोबर." दुर्बीण माझ्यामागून चालायची.

म्हणून आरोग्याची बाई पहिल्यांदा आमच्या अंगणात आली, माझ्या डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाली, "बाबाजी, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत," तेव्हा मी तिला पाणी दिलं आणि वाट दाखवली.

ती पुन्हा आली. कागद घेऊन आली. "पुढच्या महिन्यात शिबिर आहे. गाडी न्यायला येते, आणून सोडते. काही लागत नाही."

"मले सगळं दिसते," मी म्हटलं.

"मग ही किती बोटं?"

"बाई, मी काय पहिलीतला हाय काय? बोटं मोजाले?"

"बाबाजी, जास्त दिवस ठेवलं तर डोळा कायमचाच जाईल. मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही." हे ती माझ्याकडे बघून बोलली नाही, चुलीपाशी बसलेल्या माझ्या म्हातारीकडे बघून बोलली.

 म्हातारीनं भाकर थापली, ताट माझ्यापुढं ठेवलं आणि चटणीची वाटी मुद्दाम ताटाच्या बाहेर डाव्या बाजूला ठेवली. मी जेवण कोरडंच केलं. उठताना वाटी पायाला लागून सांडली. तेव्हाही ती काही बोलली नाही. आमच्या पन्नास वर्षांच्या संसारात ती सगळ्यात मोठ्यानं ओरडली असेल तर ती त्या वेळी.

यात माझा साडभाऊ आला. साडभाऊ म्हणजे म्हातारीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. भिंतीला भिंत लागून त्याचं घर आहे. त्यानं आदल्याच साली डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. तिथून मिळालेला काळा चष्मा तो आठ दिवस लावायचा होता. त्यानं वर्ष झालं तरी काढला नव्हता. मयतीला लावून जायचा, नदीवर आंघोळीला लावून जायचा. सकाळी मागच्या ओसरीत खाट टाकून बसायचा आणि मला ऐकू जाईल असं बोलायचा, "त्या टेकडीवरचा तिसरा साग वाळला वाटते. हं. चौथाही."

"तुले दिसत नाई बुढ्या," तो मला म्हणायचा, "कबूल कर."

"मले सगळं दिसते. तुझं तोंड पाहावसं वाटत नाई, एवढंच."

मग शिबिर जवळ आलं की बाई यायची, आणि मी शेतात असलो तर शेतावर माणूस पाठवायची. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, नाल्याच्या पलीकडं आहे. धान निघालं की तिच्यात लाखोळी डाळीचं पीक असतं, आणि लाखोळीवर वानरं असतात. म्हणून मी हिवाळाभर दिवसा मचाणावर बसतो. मचाणावरून आमच्या घराची मागची बाजू दिसते: परसातली वाडी, विहीर, शेवगा आणि या सगळ्यांमागून गेलेली बांबूची कुपाटी. हाक मात्र पोचत नाही. मधे खालच्या अंगाला सागाचं बन आहे, ते आवाज खाऊन टाकतं.

मी म्हातारीला म्हटलं, "ती बाई आली का मले समजलं पायजे. मी पाठीमागून जंगलात जातो. ती गेली का येतो."

म्हातारी बराच वेळ तांदळातले खडे वेचत होती. मग म्हणाली, "मी तुमाले खबर देईन. खोटी खबर देनार नाई. चुलीची आन. पन एक दिवस डोये गेले, तं मले बोल लावाचा नाई."

"नाई लावत."

"मी तुमचा हात धरून हागाले नेनार नाई."

"नको नेऊ."

"नेईनच," ती म्हणाली आणि खडे फेकून दिले. "तोच तं तरास हाय."

अशी आमची बोली ठरली. लाल लुगडं कुपाटीवर आलं, की बाई आली आहे, जंगलात जा. पिवळं आलं, की पाहुणा आहे, घरी ये. पांढरं धोतर आलं, की सगळं ठीक आहे, जेवण तयार आहे, ये. बाकी रंगांना काही अर्थ नाही, ते फक्त कपडे.

बोली ठरवायला सोपी असते, चालवायला अवघड. पहिली अडचण ही, की कपडे वाळवायचेही असतात. म्हातारी लाल लुगडं नेसली की ते धुणार, धुतलं की वाळत घालणार, आणि ते पाहून मी जंगलात जाणार. म्हणून एक लुगडं नेसण्यातून काढावं लागलं. तिच्या लग्नातलं होतं. ट्रंकेत खाली दडवलेलं, दोन ठिकाणी ठिगळ.

"माझं लग्नाचं लुगडं तुमच्या पयन्याच्या कामी लावता?" ती म्हणाली.

"लग्नाच्या वेळी तरी कुठी पयालो? तेव्हाचं राहून गेलं होतं," मी म्हटलं. ती हसली नाही, पण लुगडं काढून दिलं.

दुसरी अडचण आमच्या गावच्या रीतीची. आमच्याकडे कुपाटी ज्याच्या वाडीची त्याची असते, पण वाळवणापुरती ती सगळ्यांची. ज्याच्या दारी ऊन, त्याच्या कुपाटीवर शेजाऱ्यांचे कपडे. कोणी विचारत नाही, कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणं म्हणजे भांडण. ही गोष्ट मी जन्मापासून पाहत आलो, आणि बोली ठरवताना नेमकी हीच विसरलो.

चौथ्या दिवशी मचाणावरून मला लाल दिसलं. मी उतरलो, मागच्या बाजूनं जंगलात शिरलो आणि एका पळसाखाली बसलो. दिवसभर बसलो. डोकं टेकवलं तर माटे, म्हणजे झाडावरचे लाल मुंगळे, अंगावर चढले. सूर्य खाली गेला तेव्हा उपाशी घरी आलो.

"कुठी होते दिवसभर?" म्हातारीनं विचारलं.

"लाल होतं."

"ते माझ्या बहिनीच्या सुनेचं. त्यायच्या दारी आज ऊन नव्हतं."

मी म्हटलं, आता खूण पाहिजे, नाहीतर कोणीही लाल घालील आणि मी पळत सुटीन. आपल्या लुगड्याच्या पदराला गाठ मार. गाठ असली तर आपलं, नसली तर दुनियेचं.

"गाठ तुमाले तिथून दिसल?"

"काऊन नाई दिसल?" मी म्हटलं.

म्हातारीनं गाठ मारली. मला गाठ कधीच दिसली नाही. पण प्रत्येक वेळी मी मनाशी म्हणायचो, हं, गाठ आहे.

तिसरी अडचण साडभाऊ. तो दिवसभर ओसरीत काळा चष्मा लावून बसायचा आणि त्याला काही काम नव्हतं. गुपिताला रिकाम्या माणसाएवढा मोठा दुश्मन नाही, हे मी तेव्हा शिकलो. त्यानं काही चोरून ऐकलं नाही, कोणाला विचारलं नाही. फक्त पाहत राहिला. लाल आलं की मचाण रिकामं होते. धोतर आलं की बुढा घरी येते. महिनाभरात त्यानं आमची सगळी बोली बसल्या जागेवरून उकलली. उकललेली खरी की खोटी, हे पाहायला एक दिवस त्यानं स्वतःची लाल घोंगडी आमच्या कुपाटीवर टाकली. मी जंगलात. दुसऱ्या दिवशी त्यानं धोतर टाकलं. मी घरी. सकाळचे नऊ वाजले होते, चूल पेटली नव्हती.

"जेवाले वाढ," मी म्हटलं.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग कुपाटीकडे, मग भिंतीपलीकडे. "अवं, ऐकून राह्यली काय?" ती बहिणीला ओरडून म्हणाली, "तुझ्या बुढ्यानं माझ्या बुढ्याले जेवाले बोलावलं हाय. वाढ त्यायले!"

दोन दिवसांनी ओट्यावर गेलो, तर एक जण सहज म्हणाला, "बाबाजी, आज कोनता रंग?" आणि बहिरे आजोबासुद्धा हसले. म्हणजे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दोघांनाच. एक मी, मला हे ठाऊक नव्हतं की सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी ती आरोग्याची बाई. तिला मात्र एकानंही सांगितलं नाही. ती विचारायची, "बाबाजी कुठं गेले?" आणि सगळं गाव आभाळाकडे बघायचं. माझी टिंगल करणारा साडभाऊही तिला म्हणाला, "तो ना? तो बजारात गेला." यासाठी मी त्याला आजही मानतो.

पण बोली फुटली होती, तेव्हा नवी करणं भाग होतं. मी आठ दिवस विचार केला. जो विचार निघाला तो इतका पक्का होता, की आजही मला त्याचं कौतुक वाटतं. आमचा बाजार गुरुवारी. बाजाराच्या आधी लालचा अर्थ लाल. बाजार झाला की रंग एक घर पुढं सरकतात: लाल म्हणजे पाहुणा, पिवळं म्हणजे जेवण, पांढरं म्हणजे पळ. पुढच्या बाजारानंतर आणखी एक घर. म्हणजे साडभाऊनं एका आठवड्यात जे ओळखलं ते दुसऱ्या आठवड्यात खोटं. विसरू नये म्हणून मी हे सगळं कणगीच्या मातीवर कोळशानं लिहून ठेवलं. म्हातारीला लिहिता-वाचता येत नाही, तिनं ते एकदा ऐकलं आणि चुलीकडे गेली.

पंधरा दिवसांनी पोराचे सासू-सासरे आले. म्हातारीनं त्या आठवड्याचा रंग घातला. मी मचाणावर बोटं मोजली, दोनदा वेगळं उत्तर आलं, आणि मी जंगलात गेलो. व्याही दोन तास बसून निघून गेला. कणगीपाशी जाऊन मी कोळशाची अक्षरं पाहिली. ती पुसट होती. मी म्हटलं, उंदरांनी पुसली. म्हातारी म्हणाली, जशीच्या तशी आहेत, मी रोज झाडताना हात लागू देत नाही. मग तिनं तोंडपाठ सांगून दाखवलं: हा आठवडा काय, मागचा काय, येता काय. एकही चुकलं नाही.

"लपवाचं होतं गावापासून," ती म्हणाली, "लपलं तुमच्यापासून."

त्यावर मी रागावलो. कणगी सारवून टाकली आणि म्हटलं, चल, जुनीच बोली. लाल ते लाल. साडभाऊला कळू दे. त्याला घोंगडी टाकायची तर टाकू दे.

त्यानंतर मात्र दोन हिवाळे एकदाही चूक झाली नाही. साडभाऊनं अजून तीनचारदा काहीबाही टाकून पाहिलं, पण मी हललो नाही. मी मचाणावरून कुपाटीकडे पाहायचो आणि मला आतूनच समजायचं: हे आपलं लाल, हे आपलं धोतर. बाई आली की मी जंगलात, बाई गेली की घरी. मी साडभाऊला तोंडावर सांगितलं, "तू म्हनते दिसत नाई. दोन वावरं आणि एक नाला पार करून मी रंग वाचतो. तू चष्मा लावून वाचून दाखव." त्यानं खाट फिरवून घेतली.  मला वाटलं, आरोग्याच्या बाईची बॅटरीच बिघडलेली असावी.

या दोन वर्षांत मी एकदा विहिरीच्या काठाला अडखळलो, एकदा बैलाऐवजी खांबाला पेंढी घातली, आणि एकदा लाखोळीच्या बांधावर बसलेल्या वानराला "काय रे, केव्हा आला?" असं विचारलं. या गोष्टी कोणाच्याही बाबतीत होऊ शकतात.

मग तो दिवस आला.

पूस, म्हणजे पौष महिना होता. लाखोळी फुलावर होती. मी मचाणावर होतो आणि पोटात भूक होती. ऊन डोक्यावर आलं तसं घराकडे पाहिलं. कुपाटीवर पांढरं होतं. चांगलं रुंद, लख्ख पांढरं, शेवग्यापासून निघून अर्ध्या वाडीपर्यंत. मनात म्हटलं, म्हातारीनं आज दोन धोतरं घातली आहेत. म्हणजे जेवणात काही वेगळं असलं पाहिजे. हिवाळ्याची अंडी असतील.

मी काठी घेतली, नाला ओलांडला, सागाच्या बनातून निघालो. जसजसा जवळ येत होतो तसतसं धोतर मोठं होत होतं. वारा सुटला होता, शेवग्याच्या शेंगा हलत होत्या, पण धोतर हलत नव्हतं. मी म्हटलं, कांजी जास्त झाली. आणखी जवळ आलो तर धोतराला खाली काळं काहीतरी दिसलं. म्हटलं, चिखल लागला, पुन्हा धुवायला लावतो. घरात जाताना वाळलं का ते पाहावं, म्हणून मी हात पुढं केला.

धोतर गरम होतं. आणि लोखंडाचं होतं.

त्याचं दार उघडलं आणि आतून आरोग्याची बाई म्हणाली, "या बाबाजी. बसा."

ड्रायव्हरनं गाडी शेवग्याच्या सावलीला, कुपाटीला घासून लावली होती. गाडीपलीकडे म्हातारी उभी होती. तिचा एक हात कुपाटीवर होता, आणि हाताखाली लाल लुगडं होतं. ती हसत नव्हती. तिचा चेहरा असा होता, की तिला रडायचं आहे पण कशासाठी ते ठरत नाही.

"मी लाल घातलं होतं," ती म्हणाली. "पाहा. गाठ मारून घातलं होतं."

"हो," मी म्हटलं.

मी तेव्हाही पळू शकलो असतो. नाला जवळ होता, बाई लठ्ठ होती, ड्रायव्हर तंबाखू मळत होता. पण तोवर लोक जमा झाले होते. ओट्यावरचे सगळे आले होते, बहिऱ्या आजोबांना कोणीतरी हाताला धरून आणलं होतं. साडभाऊ ओसरीतून उठून आला होता, आणि त्यानं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काळा चष्मा डोळ्यावरून काढून हातात घेतला होता. मी पळालो असतो तर त्याचा एकच अर्थ झाला असता: बुढ्याला गाडी दिसली नाही. कुपाटीला लागून उभी असलेली, चार चाकांची, भोंगा असलेली गाडी.

मी काठी दारात टेकवली आणि म्हटलं, "मी आपल्या मनानं आलो. गाडी दिसली म्हनून आलो."

"तं मंग हात लावून काय पाहत होता?" साडभाऊनं विचारलं.

"गरम हाय का ते. इंजिन गरम असलं का गाडी नुकतीच आली समजाव. तुले नाई समजाचं."

आणि मी गाडीत बसलो. माझ्या इतक्या दिवसांच्या हट्टानं मला जिथं जाऊ दिलं नव्हतं, तिथं माझ्याच हट्टानं मला नेऊन बसवलं. म्हातारीनं काही सामान बांधलेलं नव्हतं. तिला मी जंगलात जाईन असंच वाटलं होतं. तिनं कुपाटीवरचं लाल लुगडं ओढलं, खांद्यावर टाकलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली. वाटेत थंडी वाजली तेव्हा तेच मला पांघरलं.

ऑपरेशनचं काय सांगू. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा लवकर झालं, याचा मला थोडा रागच आला. एवढं पळालो ते एवढ्यासाठी! एकाच डोळ्याचं केलं, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. मी खाली मान घालून बसलो होतो, तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते माझ्या मांडीवरचं फडकं. जुन्या विटेला वर्षभर पावसात ठेवावं तसं. बहुतेक पांढरं, कुठं कुठं लालसर असेल-नसेल. ठिगळं तेवढी थोडी गडद.

"हे काय होय?" मी विचारलं.

"लुगडं."

"कोनतं?"

"लाल," म्हातारी म्हणाली.

मी ते उलटून पाहिलं. उलट्या बाजूनंही तसंच होतं. हे लुगडं नाल्यापलीकडून साडभाऊलाच काय, दुर्बिणीलाही लाल दिसलं नसतं. मी दोन हिवाळे हे वाचत होतो, आणि एकदाही चुकलो नव्हतो. हे कसं झालं, हे मला तिथं कळलं नाही.

ते घरी आल्यावर कळलं. दोन दिवसांनी मी वाडीत खाटेवर बसलो होतो आणि म्हातारी धुणं वाळत घालत होती. तिनं माझं धोतर नेलं आणि विहिरीकडच्या टोकाला घातलं. मधे भरपूर जागा होती, ऊनही मधेच होतं. पण ती विहिरीकडेच गेली. मग लाल लुगडं घेतलं आणि दुसऱ्या टोकाला, शेवग्याखाली घातलं, जिथं सावली असते आणि काही वाळत नाही.

"तिथं काऊन घालते?" मी विचारलं.

तिचा हात थांबला. मग तिनं बाकीचे कपडे झटकले, घातले, बादली पालथी केली आणि मग बोलली.

"शेवग्याखाली घातलं का लाल. इहिरीकडं घातलं का धोतर. मधात घातलं का पिवयं. तुमी कनगी सारवली ना, तवापासून."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, मले रंग दिसते."

 तिनं बोली बदलली, मला न सांगता बदलली, आणि मी न शिकवता शिकलो. डोळ्याला जागा दिसायची आणि मनाला मी रंग म्हणून सांगायचो. दोघांचं गुपित होतं म्हणता म्हणता त्यातलं अर्धं एकटीकडेच होतं. साडभाऊनं उकललेली बोली जुनी होती. नवी त्याला कधी सापडलीच नाही, कारण ती माझ्यापासूनसुद्धा लपवलेली होती. सापडली ती फक्त त्या ड्रायव्हरला, तेही त्याला सावली हवी होती म्हणून.

"म्हनजे मी चुकलो नाई कधी," मी म्हटलं.

"नाई," म्हातारी म्हणाली. "तुमी ठीकच वाचलं."

ओट्यावर मात्र मी आजही एकच सांगतो. गाडी मला मचाणावरूनच दिसली होती, मी ओळखून आलो. कोणी मानत नाही. पण माझ्यासमोर तसं म्हणतही नाही, साडभाऊ सोडून.

या सगळ्याला वर्ष झालं. आज पुन्हा लाखोळी फुलावर आहे आणि मी मचाणावर बसून, जोडाक्षरापाशी थांबत थांबत, ही वही लिहितो आहे. नव्या डोळ्यानं वहीच्या निळ्या रेघा दिसतात, म्हणून अक्षरं एका ओळीत येतात. आता मान वर केली, तर शेवग्याखाली लाल लुगडं आहे. आज दुसऱ्या डोळ्याची तारीख आहे, हे मला ठाऊक आहे. म्हातारीलाही ठाऊक आहे, आणि माझा तो डोळा व्हावा असं तिच्याइतकं कोणालाच वाटत नाही. तरी चुलीची आण आहे म्हणून तिनं लाल घातलं. पांढरी गाडी या वेळी लांब, विहिरीपलीकडे उभी आहे. सगळं स्वच्छ दिसतं. लुगड्याची दोन ठिगळं दिसतात. पदराची गाठ दिसते. पहिल्यांदाच दिसते आहे, चांगली पेरूएवढी आहे.

पाठीमागं जंगलाची वाट मोकळी आहे. लुगडं पळ म्हणतं आहे. आणि मी दुसऱ्याच्या कपड्यांना फसलो असेन, पण आमच्या लुगड्याचं ऐकलं नाही असं कधी झालेलं नाही.

म्हणून मी नवा डोळा हातानं झाकला आणि फक्त जुन्यानं पाहिलं. वाडी नाही, शेवगा नाही, विहीर नाही. तिकडे नुसतं काहीतरी पांढरं आहे.

वही बंद करतो. काठी मचाणाखाली आहे. कोणी विचारलंच तर सांगेन, मला वाटलं धोतर आहे, जेवायला आलो.